माळवद, स्लॅब आणि चार्ल्स कोरिया

वीकएण्डला मॉल, मूव्ही, फार तर नाटक. पण आर्किटेक्टचं एक्झिबिशन? खरं सांगा, गेलाय कधी?

मीही गेले ते असाइनमेंटसाठी. 2016 ची गोष्ट. मुंबईत मास कॉम करत होते आणि काळा घोड्याजवळच्या एनजीएमएमध्ये 'द स्टेट ऑफ आर्किटेक्चर' भरलं होतं. राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी स्वातंत्र्यानंतरची भारतीय वास्तुकला तिथे मांडली होती. अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं. पण तिथून जे वेड लागलं, ते लागलंच.

मग चार्ल्स कोरियांचं जे मिळेल ते वाचत सुटले. जन्म 1930, सिकंदराबाद. म्हणजे आमच्या नांदेडसारखाच निझामाच्या मुलखातला माणूस! 2013 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींचं 2019 मध्ये जर्मनीतल्या व्हित्रा म्युझियममध्ये झालं. दोन्हीकडे जायला माझ्याकडे ना सुट्टी ना पैसे. बेलापूरला मात्र लोकलने जाता येतं. कोरियांचं आर्टिस्ट्स व्हिलेज तिथेच आहे. साताठ घरांच्या मधे एक अंगण. दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता येतं. ते बघताना मला थेट अर्धापूर आठवलं. आमचा चौक, ओसरी, भर मे महिन्यातही गार राहणारं माळवद.

आणि यंदा फेब्रुवारीत बाबांचा फोन. "माळवद पाडायलोत. पावसाळ्याच्या आत स्लॅब पडला पाहिजे. तू कव्हा येतीस?"

मी लेक्चर सुरू केलं. व्हेंटिलेशन, लोकल मटेरियल, कोरिया, दोशी, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्र्याण्णवला किल्लारीत माणसं कशाखाली मेली, माहीत आहे का तुला?"

माहीत होतं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जडशीळ माळवद. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यानंतर आमच्याकडे जमीन नुसती हलली असं वाटलं तरी आजी अंगणात झोपायची. हे मला कुठल्याच प्रदर्शनाने सांगितलं नव्हतं. आणि गारवा आवडतो म्हणून आईबाबांना त्या छताखाली झोपवायचा हक्क पुण्यात वन बीएचकेत राहणाऱ्या मला कुणी दिला?

पण चौक? चौकाने कुणाला मारलं नाही. यावरून तीन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी इंजिनिअरला विचारायचं ठरलं. तो म्हणाला, कॉलम-बीम घालून मधे चौक ठेवता येईल, फक्त एक बेडरूम लहान होईल. आईला ते अजून पटलेलं नाही. भाऊ तर पार्किंगच मागतोय.

गेल्या शनिवारी टेप आणि ग्राफपेपर घेऊन घरी गेले. पाडायच्या आधी सगळं घर मोजून कागदावर उतरवायचं होतं, प्रदर्शनातल्या ड्रॉइंगसारखं. घर बांधणाऱ्या गवंड्याचं नाव विचारलं. कुणालाच आठवेना. टेपचं दुसरं टोक बाबांनी धरलं होतं. ओसरी झाली, माजघर झालं, मी वही मिटायला लागले.

"बळद राहिलं की," बाबा म्हणाले. "तेही मोज. त्यात लपायचो मी."