डेटा कुठे राहतो? भाग ५ : फोल्डर नसलेलं गोदाम

मागच्या आठवड्यात आपण हार्ड डिस्कवरची मांडणी पाहिली. कपाट, कपाटात खण, खणात डबा, डब्यात वस्तू, अशी ती रचना. ऑब्जेक्ट स्टोरेज समजून घ्यायचं तर हे कपाट आधी डोक्यातून काढायला हवं.

त्याऐवजी मुंबईतला महालक्ष्मीचा धोबीघाट डोळ्यांसमोर आणा. अनेक घरांचे कपडे एकत्र भिजतात, एकाच दोरीवर वाळतात, तरी तुमचा सदरा तुमच्याच घरी येतो, कारण त्यावर पक्क्या शाईची खूण असते. तो कुठल्या दोरीवर होता, हे कुणी विचारत नाही. ऑब्जेक्ट स्टोरेजची रीत हीच. एका ऑब्जेक्टमध्ये मूळ डेटा असतो, त्याचं स्वतःचं वेगळं नाव असतं आणि मेटाडेटा, म्हणजे त्या डेटाविषयीची माहिती, सोबतच चिकटवलेली असते. अशी ऑब्जेक्ट्स ठेवायची ती बकेट, आणि ती आतून सपाट असते. १४ मार्च २००६ रोजी अ‍ॅमेझॉनने ‘एस-थ्री’ ही सेवा सुरू केली आणि ही पद्धत सगळीकडे पोचली.

तुम्ही म्हणाल, एस-थ्रीच्या स्क्रीनवर तर फोल्डर दिसतात! दिसतात खरे. समजा, एका फोटोचं नाव आहे ‘गणपती/२०१९/आरती.जेपीजी’. यातली तिरपी रेघ हे नावातलंच एक चिन्ह आहे. ती पाहून स्क्रीन आपल्या सोयीसाठी फोल्डर दाखवते, इतकंच. उद्या ‘गणपती’चं ‘गणेशोत्सव’ करायचं ठरलं, तर प्रत्येक फोटोची नव्या नावाने प्रत करून जुनी पुसावी लागते. लाख फोटो असतील तर लाख वेळा! म्हणून नावांची पद्धत पहिल्याच दिवशी बसून ठरवा, असं मी कळकळीने सांगतो.

नाव मराठीत चालतं का? चालतं. मर्यादा १,०२४ बाइटची आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे आपल्या वाट्याला ३४१ चिन्हं येतात, आणि ती भरपूर झाली. बकेटचं नाव मात्र रोमन लिपीतच द्यावं लागतं.

ठेवलेल्या ऑब्जेक्टमधली एखादी ओळ सहसा जागच्या जागी बदलता येत नाही, पूर्ण ऑब्जेक्टच नव्याने ठेवावं लागतं. त्यामुळे दर मिनिटाला नोंदी बदलणाऱ्या डेटाबेससाठी ही जागा नव्हे. फोटो, व्हिडिओ, बॅकअप, स्कॅन केलेले सातबारे यांच्यासाठी मात्र मला हिच्याइतकी योग्य जागा दिसत नाही.

आता टिकाऊपणाचं. एस-थ्रीची रचना ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी केलेली आहे. एक कोटी ऑब्जेक्ट्स ठेवली तर सरासरी १०,००० वर्षांत एक गमावेल, असा त्याचा अर्थ. नेहमीच्या प्रकारात डेटा एकमेकांपासून दूर असलेल्या किमान तीन ठिकाणी ठेवलेला असतो, ते याचसाठी. पण हा हिशेब यंत्रांच्या बिघाडाचा आहे. तुम्हीच चुकून ‘डिलीट’ म्हणालात, तर ते तिन्ही ठिकाणांहून जातं. त्यावर उपाय व्हर्जनिंगचा : ते चालू असलं की पुसलेल्या आणि बदललेल्या ऑब्जेक्टची जुनी आवृत्ती शिल्लक राहते. जागेचं भाडं थोडं वाढतं, ते वाढू द्या. नव्या बकेटमध्ये व्हर्जनिंग बंद असतं. पहिला फोटो ठेवण्याआधी ते चालू करा.