नांवें बदललीं, गांव राहिलें

आपण कूळ गोत्रावरून ओळखतों. कोंकणांतील बेने इस्राएल यहुदी तें बहुधा गांवावरून ओळखतात. मुंबईंत १७९६ सालीं त्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारे शमुएल यहेज्केल आणि लोकांच्या तोंडचे सामाजी हसाजी हे एकच गृहस्थ. दोन्ही नांवांपुढें ‘दिवेकर’ मात्र कायम! पुढें कित्येकांनीं वडिलांचें नांवच आडनांव म्हणून घेतलें, आणि ही खूणही पुसली गेली.

मग पूर्वज जनगणनेंत शोधावे काय? इंग्लंडांत शंभर वर्षांनीं नांवनिशीवार पत्रकें खुलीं होतात. आपल्या छापील अहवालांत केवळ आंकडे. अमुक जिल्ह्यांत यहुदी किती, एवढेंच. तेही जपून वाचावे. १९०१ चा एकसंध खान्देश १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असा विभागला गेला. तेच पुढें जळगांव व धुळें जिल्हे झाले. म्हणजे घर न हलतां कुटुंबाचा जिल्हा बदलला!

यास्तव थडग्यावरील लेख, विवाहपत्र, पलटणींतील नोंद आणि वृद्धांची आठवण हीं एकमेकांशीं ताडून पाहावीं. त्यांत आठवण सर्वांत अल्पायुषी. ती आजच वहींत उतरून ठेवावी. गोत्र पाठ असणाऱ्या आपणांसही हें लागू आहे. पणजीचें माहेरचें नांव आपल्यापैकीं किती जणांस सांगतां येईल?