‘नेक्स्ट’ दाबल्यावर काय घडतं

सेटअपच्या फाइलवर डबल-क्लिक केलं की विंडोजचा पडदा अंधारतो आणि एकच प्रश्न समोर उरतो: या प्रोग्रॅमला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? बहुतेक जण न वाचता ‘यस’ दाबतात. त्या क्षणापासून तो इन्स्टॉलर, म्हणजे बसवणारा प्रोग्रॅम, कुठलीही फाइल लिहू शकतो, जुनी पुसू शकतो, रजिस्ट्रीत नोंदी करू शकतो, मागे चालणारी सर्व्हिस बसवू शकतो. पुढचे ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ हे नुसते उपचार. खरा अधिकार पहिल्याच बटणाला देऊन झालेला असतो. म्हणून इन्स्टॉलर कसा बनतो, कशाने बनतो, आणि त्या साधनात अलीकडे काय सुधारलं, हे फक्त आम्हा प्रोग्रॅमरांपुरतं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

मी कोल्हापूर भागातल्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. सकाळ-संध्याकाळचं संकलन, गायीचं वेगळं, म्हशीचं वेगळं, फॅट आणि एसएनएफ (फॅटशिवायचे घन पदार्थ) यांवरून दर, पशुखाद्याची कपात, दहा दिवसांचं बिल. वजनकाटा आणि फॅट मशीन केबलने संगणकाला जोडलेले असतात. सभासदाने कॅन ठेवला की आकडे आपोआप पडद्यावर यायला हवेत, कारण मागे रांग उभी असते. हे सगळं संस्थेच्या संगणकावर नीट बसवण्याचं काम इन्स्टॉलरचं. तो मी ‘इनो सेटअप’ या साधनाने बनवते.

इनो सेटअप जॉर्डन रसेल यांनी 1997 साली प्रथम प्रसिद्ध केलं. ते डेल्फीत लिहिलेलं आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि मार्टाइन लान हे रसेल यांच्याबरोबर बरीच वर्षं त्यावर काम करत आहेत. जगभरचे प्रोग्रॅमर वापरतात तो मायक्रोसॉफ्टचा कोड-संपादक व्हिज्युअल स्टुडिओ कोड आणि गिट फॉर विंडोज या दोन्हींचे इन्स्टॉलर इनो सेटअपचेच. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या संपादकासाठी जे साधन चालतं, तेच माझ्या दूध संस्थेसाठीही चालतं. इतक्या कमी माणसांनी इतकी वर्षं सांभाळलेलं साधन इतक्या ठिकाणी विसंबून वापरलं जातं, याचं मला फार अप्रूप आहे.

काम असं चालतं. आपण एक साधी टेक्स्ट फाइल लिहायची. कुठल्या फाइली कुठे जाणार, डेस्कटॉपवर आयकॉन हवा का, शेवटी काय सुरू करायचं, हे सगळं तिच्यात वेगवेगळ्या विभागांत येतं. त्यातली एक ओळ म्हणजे ‘ॲप आयडी’, प्रोग्रॅमची कायमची ओळख. ती तीच ठेवली तर नवी आवृत्ती जुन्या जागीच बसते. ती बदलली की तोच प्रोग्रॅम विंडोजच्या यादीत दोनदा दिसू लागतो. कंपाइल केल्यावर सगळ्या फाइली दाबून बसवलेली एकच सेटअप फाइल तयार होते. ती चालते तेव्हा काय काय केलं त्याची नोंद एका फाइलीत लिहीत जाते. प्रोग्रॅमच्या फोल्डरात ‘अनइन्स झिरो झिरो झिरो’ नावाच्या दोन फाइली कधी दिसल्या असतील, तर एक काढून टाकणारा प्रोग्रॅम आणि दुसरी ही नोंद. प्रोग्रॅम काढताना हीच नोंद शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली जाते आणि केलेलं एकेक काम उलटवलं जातं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण नव्या सोयींचं महत्त्व तिच्यातून कळतं. एका संस्थेत आधी कुणा दुसऱ्याने बसवलेला जुना प्रोग्रॅम होता. सकाळी सचिव आप्पा बसायचे, संध्याकाळी त्यांचा पुतण्या. दोघांचं विंडोजचं लॉगिन वेगळं. आप्पांचा फोन आला, “मॅडम, रात्रीचं दूधच दिसंना झालंय!” पुतण्या शपथेवर सांगत होता की नोंदी केल्यात, पावत्याही छापल्यात. दोघंही खरं बोलत होते. तो प्रोग्रॅम आपला डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरातच लिहू पाहत होता. व्हिस्टापासून विंडोज साध्या वापरकर्त्याला तिथे लिहू देत नाही. पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ते लिखाण गुपचूप त्या त्या माणसाच्या स्वतःच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवतं. त्यामुळे आप्पांची वही वेगळी, पुतण्याची वेगळी, आणि कुठेही एरर नाही. दोन्ही फाइली शोधून, तारखा लावून एकत्र केल्या तेव्हा कुठे बिल निघालं.

असं होऊ नये याची जबाबदारी प्रोग्रॅमइतकीच इन्स्टॉलरचीही असते. माझ्या स्क्रिप्टमध्ये डेटाचा फोल्डर सगळ्या वापरकर्त्यांच्या सामाईक जागेत तयार होतो आणि त्याला ‘युजर्स मॉडिफाय’ अशी परवानगी दिलेली असते, म्हणजे लॉगिन कुणाचंही असो, वही एकच. डेटाबेसच्या फाइलीपुढे दोन शब्द असतात, ते मी कधीच विसरू देत नाही. पहिला सांगतो, ही फाइल आधीपासून नसेल तरच टाक. तो नसेल तर नवी आवृत्ती बसवताना कोरी फाइल येऊन वर्षभराच्या संकलनावर बसेल. दुसरा सांगतो, प्रोग्रॅम काढला तरी ही फाइल काढू नकोस. सभासदांच्या घामाचा हिशेब त्या फाइलीत असतो; प्रोग्रॅम परत टाकता येतो, ती फाइल नाही.

2019 साली आलेल्या इनो सेटअपच्या सहाव्या आवृत्तीने अधिकारांच्या या प्रश्नाला थेट हात घातला. आता इन्स्टॉलर सुरुवातीलाच विचारू शकतो: सगळ्यांसाठी बसवायचं की फक्त तुमच्यासाठी? ‘फक्त माझ्यासाठी’ निवडलं की प्रोग्रॅम त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरात जातो आणि ॲडमिनचा पासवर्ड लागतच नाही. स्क्रिप्ट दोनदा लिहावी लागत नाही. फोल्डरांची नावं ‘ऑटो’ने सुरू होणारी वापरली की निवडीप्रमाणे योग्य जागा आपोआप ठरते. व्हिज्युअल स्टुडिओ कोड वापरणाऱ्यांना ‘युजर’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन सेटअप आठवत असतील, फरक हाच.

संस्थेत दोन लॉगिन असतील तर मी अजूनही सगळ्यांसाठीच बसवते, शिवाय काट्याच्या केबलचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा अधिकार लागतोच. पण तपासणीला येणाऱ्या लेखापरीक्षकांसाठी माझा एक छोटा प्रोग्रॅम आहे, नुसते रिपोर्ट बघण्याचा. त्यांच्या लॅपटॉपचा पासवर्ड कार्यालयातल्या संगणक विभागाकडे असतो. पूर्वी तेवढ्यासाठी अर्ज, फोन, वाट बघणं. आता तो त्यांच्या स्वतःच्या फोल्डरात बसतो आणि बाकी लॅपटॉपला बोटही लावत नाही. जेवढं काम तेवढाच अधिकार मागणं, या एका गोष्टीसाठी मी सहावी आवृत्ती सगळ्यात मोठी मानते.

याच आवृत्तीत कंपाइलर एक इशाराही द्यायला लागला. साध्या लॉगिनवर बसलेल्या माणसाने दुसऱ्या कुणाचा ॲडमिन पासवर्ड टाकून सेटअप चालवला, तर इन्स्टॉलरच्या लेखी ‘सध्याचा वापरकर्ता’ म्हणजे तो ॲडमिन. मग आयकॉन उमटतो ॲडमिनच्या डेस्कटॉपवर, आणि समोरचा माणूस विचारत राहतो, प्रोग्रॅम गेला कुठे? स्क्रिप्टमध्ये अशी शक्यता दिसली की कंपाइलर आधीच सांगतो.

पुढच्या सुधारणांपैकी काही भराभर सांगते. 6.1 मध्ये इन्स्टॉलरला चालता चालता इंटरनेटवरून फाइल उतरवून घेता येऊ लागली. सोय चांगली, पण डोंगराकडच्या गावांत मी ती वापरत नाही. रेंज अर्ध्यात गेली की बसवणं अर्धवट राहतं. तिथे सगळं पेनड्राइव्हवरच नेलेलं बरं. 2024 मधल्या 6.3 ने आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपांची नीट दखल घेतली: 64-बिटचा इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्या यंत्रावर चालू शकतो का, हे इन्स्टॉलर आता बरोबर ओळखतो. 6.6 मध्ये डार्क मोड आला. विंडोज काळ्या रंगात असेल तर सेटअपची खिडकीही तशीच दिसू शकते. डोळ्यांना बरं वाटतं, त्यापलीकडे त्यावर बोलण्यासारखं फारसं नाही.

6.4 आणि 6.5 या दोन आवृत्त्यांबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण त्यांचा विषय विश्वास आहे.

इन्स्टॉलरमधल्या फाइली पासवर्ड घालून कुलूपबंद करण्याची सोय जुनीच. पण त्यासाठी ‘आर्कफोर’ ही पद्धत वापरली जायची, जी आज कमकुवत मानली जाते, आणि त्यासाठी वेगळी डीएलएल फाइलही लागायची. 6.4 मध्ये तिची जागा ‘एक्सचाचा20’ या आजच्या काळच्या पद्धतीने घेतली आणि वेगळी फाइल शोधत फिरण्याची गरज संपली. पासवर्डपासून किल्ली बनवताना तीच गणिती क्रिया मुद्दाम हजारो वेळा फिरवली जाते, म्हणजे अंदाजाने पासवर्ड मारून बघणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न महागात पडावा.

6.5 चं काम याहून खोल. समजा माझा इन्स्टॉलर बाहेर ठेवलेली एखादी मोठी फाइल वापरतो, पेनड्राइव्हवर शेजारी ठेवलेली किंवा इंटरनेटवरून आणलेली. ती मी ठेवली तीच आहे, वाटेत कुणी बदलली नाही, हे कसं कळणार? आता मी माझ्या संगणकावर किल्ल्यांची एक जोडी तयार करते. खासगी किल्ली माझ्यापाशी राहते. तिने प्रत्येक फाइलीची सही बनवून शेजारी एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवली जाते. ती नोटपॅडमध्ये उघडून बघता येते: फाइलचा आकार, मग तिचा एसएचए-256 ठसा, 64 अक्षरांची एक लांबलचक ओळ, आणि खाली सहीचे आकडे. मूळ फाइलीतला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती 64 अक्षरी ओळ पूर्ण वेगळी येते. सार्वजनिक किल्ली सेटअपच्या पोटातच असते. बसवताना इन्स्टॉलर सही ताडून पाहतो आणि जुळली नाही तर फाइल घेत नाही.

यात एक बारकावा फार विचारपूर्वक सांभाळला आहे. फाइल तपासणं आणि फाइल वापरणं या दोन कामांत क्षणाचं अंतर राहिलं, तर त्या फटीत कुणी फाइल बदलू शकतं. म्हणून तपासलेली फाइल तशीच धरून ठेवून पुढचं काम होईल याची काळजी इथे घेतलेली आहे. ॲडमिनच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही फट उघडी राहणं म्हणजे सगळी तपासणी वाया.

सेटअप चालवताना कधी निळी पट्टी येते, ‘विंडोजने तुमचा संगणक सुरक्षित ठेवला’ अशा अर्थाची. तिचा संबंध वेगळ्या सहीशी असतो. सेटअप फाइलवरची प्रकाशकाची सही मान्यताप्राप्त संस्थेकडून विकत घ्यावी लागते, दर काही काळाने पैसे भरावे लागतात, आणि 2023 च्या जूनपासून तिची किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचा नियम आहे. छोट्या गावातल्या एकट्या प्रोग्रॅमरला हा खर्च जड जातो. इनो सेटअपची सही फुकट असली तरी ती या सहीची जागा घेत नाही. निळी पट्टी तिच्याने जात नाही. पण म्हणून फोनवर “मोअर इन्फो दाबा, मग रन एनीवे” असं सांगत लोकांना इशारे ओलांडायची सवय लावणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. त्याच सवयीने उद्या तो माणूस व्हॉट्सॲपवर आलेली कुठलीही सेटअप फाइल चालवतो. मी पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जाते, सही केलेली सेटअप चालवते आणि प्रकाशकाच्या नावाची ओळ सचिवांना मोठ्याने वाचायला लावते.

आमच्या क्षेत्रात अजूनही पाचव्या आवृत्तीवर सेटअप बनवणारे बरेच जण भेटतात. “चालतंय की, कशाला हात लावायचा?” हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी काही अनुभवाच्या गोष्टी. जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत बहुतेक तशीच कंपाइल होते. ॲप आयडीला हात लावू नका. प्रोसेसरच्या ओळीत नुसतं ‘एक्स64’ लिहिलेलं असेल तर कंपाइलर नवा शब्द सुचवेल, तो घ्या. सहाव्या आवृत्तीत सगळं युनिकोडमध्येच चालतं, त्यामुळे सूचना सरळ देवनागरीत लिहिता येतात. संदेशांची भाषा-फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइलच आहे. धंद्यासाठी वापरत असाल तर परवाना विकत घ्या अशी विनंती निर्मात्यांनी आता केली आहे, ती मानाच. आणि संस्थेत नेण्याआधी कोऱ्या विंडोजवर एकदा बसवा, दोन वेगळ्या लॉगिनने उघडून बघा, काढून टाका, आणि डेटाची फाइल जागेवर आहे ना ते तपासा. सेटअप चालवताना ‘लॉग’ हा पर्याय दिला तर प्रत्येक पायरी वेळेसकट एका फाइलीत उतरते. बसवणं कुठे अडलं तर ती फाइल सचिवांकडून मागवायची. शेवटच्या काही ओळींतच बहुतेक वेळा कारण सापडतं, आणि संध्याकाळचं संकलन सुरू व्हायच्या आत दुरुस्ती होते.