धामणकर नाक्यावरचा दुभाषा

भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हा आमच्या काउंटरवर मराठी, आगरी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू एवढ्या बोली ऐकू येत. पहिल्या चार आम्ही कशाबशा निभावून नेत असू. पद्मानगरातून येणाऱ्या तेलुगू विणकरांसाठी मात्र आमची सारी भिस्त एका शिपायावर होती. त्याला सगळे अण्णा म्हणत. खातेदार एक वाक्य बोले, अण्णा ते मराठीत सांगे. मी उत्तर देई, अण्णा ते तेलुगूत फिरवी. पैसे भरण्याची स्लिप कशी लिहावी, हे तो दिवसातून पन्नासदा नव्याने सांगे आणि रांग पार रस्त्यापर्यंत जाई. शेवटी आम्ही अण्णाकडूनच त्या सूचना एकदा तेलुगूत लिहून घेतल्या आणि फलक भिंतीवर लावला. रांग निम्म्यावर आली.

हे सारे आठवायला कारण झाली माझी भाची. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. "मामा, सगळ्यांत फास्ट भाषा कोणती, माहीत आहे तुला?" असे विचारून तिने जेवणाच्या टेबलावरच शर्यत लावली. दहा कोटी आकड्यांची बेरीज, एकदा पायथन भाषेत आणि एकदा सीमध्ये. पायथनला आठेक सेकंद लागले. सीला शून्य. ती खूश झाली. पण फरकाच्या रकान्यात शून्य दिसले की बँकेतल्या माणसाला आधी संशय येतो. तिने शोध घेतला तेव्हा गंमत कळली. आलेली बेरीज तिने कुठे छापलीच नव्हती. या उत्तराचा कुणालाच उपयोग नाही, हे सीच्या कंपायलरने ओळखले आणि ते काम केलेच नाही! (असे काही कारकून माझ्याही हाताखाली होते; पण त्यांना कुणी वेगवान म्हणत नसे.) उत्तर छापायला लावून, आकडे थोडे वाकडेतिकडे करून पुन्हा शर्यत लावली. तेव्हा सीला सेकंदाचा काही अंश लागला. जिंकली तीच, पण शून्यात नव्हे.

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. तिचा कार्यक्रम चालवण्याआधीच पुरता यंत्राच्या भाषेत उतरवला जातो. तो आमचा भिंतीवरचा फलक. गिडो व्हॅन रॉसम यांची पायथन १९९१ मध्ये लोकांपुढे आली. बारकावे सोडले तर ती यंत्राशेजारी अण्णाला उभा करते. तेच वाक्य कोटी वेळा आले तरी तो कोटी वेळा उलगडून सांगतो. तिसरीही तऱ्हा आहे. वारंवार येणारे वाक्य ध्यानात येताच अण्णाने त्याची चिठ्ठी करून ठेवावी, तसे. जावात हे बरीच वर्षे चालते. पायथननेही २०२४ च्या आवृत्तीत प्रयोगादाखल ते सुरू केले.

मात्र फलकाला प्रश्न विचारता येत नाही. स्लिपचा नमुना बदलला तेव्हा आमचा फलक आठवडाभर चुकीचे सांगत होता आणि पुन्हा अण्णालाच स्टुलावर बसवावे लागले. पायथनमध्ये लिहिणे आणि बदलणे सोपे, म्हणून लोक तिच्याकडे जातात. त्यांना अडाणी समजण्याचे कारण नाही.

मला हा धडा नव्वदच्या दशकात मिळाला होता. सहामाही व्याजाचा आमचा कार्यक्रम डीबेसमध्ये होता. एकेक ओळ वाचून तो ती पार पाडी. संध्याकाळी लावला की पहाट होई. तोच मजकूर, फारसा न बदलता, क्लिपर नावाच्या साधनातून काढला तेव्हा काम मध्यरात्रीपर्यंत आटोपू लागले. भाषा जवळजवळ तीच, वेग दुसरा! मग एका तरुण सहकाऱ्याच्या लक्षात आले की प्रत्येक खात्यासाठी आमचा कार्यक्रम सहा महिन्यांच्या साऱ्या नोंदी पहिल्यापासून चाळतो. लेजरच्या जमान्यात असे करणाऱ्या कारकुनाला आम्ही वेड्यात काढले असते. तो थेट त्या खात्याचे पान उघडे. नोंदींना अनुक्रमणिका जोडली आणि व्याज तासाभरात तयार. पुढे छपाईयंत्र दोन तास करकरत राहिले, ते वेगळे.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या चार्ल्स लायसरसन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात असाच हिशेब मांडला. ४०९६ ओळी आणि तितकेच रकाने असलेल्या दोन आकड्यांच्या कोष्टकांचा गुणाकार. पायथनच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीला सुमारे सात तास लागले, जावाला चाळीस मिनिटे, सीला नऊ. म्हणजे भाषा बदलून ४७ पट फायदा. मग त्यांनी सीमधलेच काम यंत्राच्या १८ गाभ्यांत वाटले, आकडे हाताशी राहतील असे मांडले, यंत्राच्या खास सूचना वापरल्या. वेळ अर्ध्या सेकंदाच्याही खाली आला, आणखी १३०० पट. शर्यतीच्या तक्त्यात भाषेचे नाव तेवढे ठळक असते.

"पण मामा, सेकंद वाचवून बँकेचं काय होतं?" भाचीने विचारले. मला अण्णा आठवला.

त्या काळी बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. अण्णाचा पगार महिनाअखेर जमा होई आणि २५ तारखेला तो हप्त्यासाठी मोठी रक्कम काढी. ती रक्कम चोवीस दिवस खात्यात असे, पण तिच्यावर छदामही मिळत नसे. "साहेब, पैसे इथंच होते ना?" असे तो विचारी. मी नियम दाखवी. रोजच्या शिलकेवर व्याज काढायचे तर हाताने ते होणारे नव्हते, आणि आमच्या रात्रभर चालणाऱ्या यंत्रानेही नव्हते. शाखांचे संगणकीकरण आता पुरेसे झाले आहे, हे कारण देऊन रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज देणे बँकांना बंधनकारक केले.

अण्णा तेव्हा निवृत्त झाला होता. त्या वर्षी दिवाळीआधी तो पासबुक छापून घ्यायला आला, व्याजाच्या नोंदीवर बोट ठेवले आणि सहाही महिन्यांचा हिशेब मला पुन्हा करून दाखवायला लावला. कागदावर. मला पाऊण तास लागला.