मधमाशी मेली, तर नुकसान कोणाचे?

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. या भागात सोयाबीन, तूर आणि कपाशी ही खरिपाची मुख्य पिके. बाजारपेठेतील आपला सारा व्यवहार याच पिकांच्या भरवशावर चालतो. शेतकऱ्याच्या हाती तुरीचा पैसा आला की कापड, शिलाई, चपला, भांडी यांना गिऱ्हाईक येते. पीक बुडाले की आमच्या दुकानातील उधारीची वही तेवढी जाड होते. म्हणून शेतातील एका लहानशा जिवाची, मधमाशीची, हकीकत आम्ही व्यापाराच्या पानावर मांडत आहोत.

मधमाशीचे खरे काम

आपल्याकडे मधमाश्यांच्या काही जाती सर्वांच्या ओळखीच्या आहेत. आग्या उंच झाडावर किंवा कड्यावर मोठे मोहोळ बांधते. फुलोरीचे छोटे पोळे झुडपात असते. सातेरी झाडाच्या ढोलीत राहते आणि पेटीतही पाळता येते. याशिवाय परदेशातून आणलेली मेलिफेरा ही जात पेट्यांमध्ये पाळली जाते.

मध आपल्या डोळ्यांना दिसतो, पण मधमाशीचे मोठे काम वेगळेच आहे. एका फुलातील पराग ती दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवते आणि त्यामुळे फळ व बी धरते. जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना मधमाश्या व इतर परागवाहक जीवांचा कमीअधिक फायदा होतो. कलिंगड, खरबूज, काकडी आणि भोपळा यांची नर व मादी फुले वेगळी असतात. त्यांचा चिकट पराग वाऱ्याने जात नाही. माशी आली नाही तर फळ धरत नाही, धरलेच तर वेडेवाकडे होते. ते बाजारात कोणत्या भावाने जाते, हे आपल्या बागवान बांधवांना सांगायला नको. कांद्याचे बियाणे आणि सूर्यफूल यांचेही तसेच आहे. म्हणूनच डाळिंब, कलिंगड व कांदा बियाण्याचे अनेक शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत मधपेट्या भाड्याने आणतात.

सोयाबीन बहुतांशी स्वतःच्याच परागावर धरते, म्हणून त्यावर काहीही फवारले तरी चालेल असे पुष्कळांना वाटते. परंतु मधमाशी बांधाची हद्द पाळत नाही. ती दोन-तीन किलोमीटरपर्यंत फिरते. एकाच्या सोयाबीनवरील विष दुसऱ्याच्या कलिंगडाचे नुकसान करते ते असे.

विष कसे पोहोचते?

पहिली वाट उघड आहे. फुलावर बसलेल्या माशीवर थेट फवारा पडतो आणि ती तेथेच मरते. तुरीच्या बाबतीत हा धोका अधिक. शेंगा पोखरणारी अळी फुलोऱ्याच्या वेळी येते, त्यामुळे फवारणीही त्याच वेळी होते आणि मधमाश्यांची गर्दीही तेव्हाच असते.

दुसरी वाट डोळ्यांना दिसत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधे आंतरप्रवाही आहेत. ती झाडाच्या रसात मिसळतात आणि तेथून मकरंदात व परागात उतरतात. मधमाशीला मारण्यास काही नॅनोग्रॅम मात्रा पुरते. एका ग्रॅमचे एक अब्ज भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. त्याहून कमी मात्रेने माशी मरत नाही, पण वाट चुकते. २०१२ साली फ्रान्समधील संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म चिप बसवून हे तपासले. थायामेथोक्झामची अल्प मात्रा घेतलेल्या माश्यांपैकी घरी न परतलेल्यांचे प्रमाण पुष्कळ जास्त आढळले. अशा वेळी शेतात मेलेल्या माश्यांचा खच दिसत नाही. पोळे मात्र हळूहळू रिकामे होते.

तिसरी वाट बियाण्याची. २००८ साली जर्मनीत मक्याच्या बियाण्यावरील औषधाची धूळ पेरणीच्या वेळी उडाली आणि हजारो वसाहतींना त्याचा फटका बसला. पुढे युरोपीय संघाने २०१३ साली या गटातील तीन औषधांवर निर्बंध आणले आणि २०१८ साली उघड्या शेतातील त्यांचा वापर बंद केला.

केवळ औषधांनाच दोष देणे इन्साफाचे होणार नाही. बांधावरची झाडे तुटली, फुलांची विविधता घटली. मधासाठी आग्याचे मोहोळ जाळणारेही आपल्यातच आहेत. पण औषधाचा वापर आपल्या हातात आहे, म्हणून त्याचा विचार आधी.

डब्यावरचा त्रिकोण

कृषी केंद्र चालवणाऱ्या बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो माणसाला असलेला धोका दाखवतो, मधमाशीला असलेला नव्हे. त्यामुळे निळा त्रिकोण पाहून ‘हे सौम्य आहे’ असे गिऱ्हाइकाला सांगणे बरोबर नाही. मधमाश्यांबाबतची सूचना लेबलवर किंवा आतील पत्रकात बारीक अक्षरांत असते. ती शेतकरी वाचत नाही. ती वाचून दाखवणे हे विक्रेत्याचे काम आहे.

माणसाच्या जिवाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांवर उपचार करावे लागले. विक्रेत्याने दिलेली नीट माहिती दोन्ही ठिकाणी उपयोगी पडते.

काय करता येईल?

१) पीक ऐन फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी. टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.

२) आंतरप्रवाही औषधाला संध्याकाळची वेळ पुरेशी नाही, कारण ते झाडात टिकून राहते. फुलोऱ्याच्या तोंडावर ते विकताना दुसरा पर्याय सुचवावा.

३) तुरीवर कळी लागताना ५ टक्के निंबोळी अर्क, शेतात कामगंध सापळे व पक्षी थांबे, हे उपाय आधी करावेत.

४) अळी मोजूनच औषध घ्यावे. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नयेत.

५) जवळपास मधपेट्या असतील तर फवारणीच्या आदल्या दिवशी मालकाला कळवावे.

यात रोजगाराचीही वाट आहे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचे मध संचालनालय या विषयाचे शिक्षण देतात. सातारा जिल्ह्यातील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. मधाला यूनानी दवाखान्यात आणि अत्तारांच्या दुकानात कायम मागणी आहे. मेण बाटिकच्या कापडाला आणि चामडे शिवण्याच्या दोऱ्याला लागते. मधपेटी ठेवायला स्वतःची जमीन लागत नाही, हे आपल्या भूमिहीन कारागिरांनी लक्षात घ्यावे.

कुरआन मजीदच्या सोळाव्या सूरहचे नाव ‘नहल’, म्हणजे मधमाशी. तीत मधातील शिफ्याचाही उल्लेख आहे. व्यापाराच्या बाबतीत आपल्या दीनची शिकवण स्पष्ट आहे : मालात ऐब असेल तर तो गिऱ्हाइकाला सांगूनच माल विकावा. कापडाच्या ताग्यात सूत तुटले असेल तर आम्ही ते दाखवून भाव कमी करतो. औषधाच्या डब्यातील ऐब तर दुसऱ्याच्या शेतापर्यंत जातो. तो सांगण्यात विक्री थोडी घटेल, पण शेतकऱ्याचे पीक टिकले तर पुढच्या हंगामात तोच गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन आपल्या दुकानी येईल, इन्शाअल्लाह.