उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील नागरी संरक्षण आणि नगरपालिका वित्त

उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर ही महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील, मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गालगतची तीन शहरे आहेत. उल्हासनगरात महानगरपालिका, तर अंबरनाथ व बदलापूर येथे नगरपरिषदा आहेत. या परिसराची नागरी वाढ दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी, फाळणीनंतरचे निर्वासित-पुनर्वसन आणि स्वातंत्र्योत्तर काळातील संरक्षण कारखाने यांच्याशी निगडित आहे. त्यामुळे युद्धकाळातील नागरी संरक्षण आणि स्थानिक संस्थेचे नेहमीचे जमाखर्च हे दोन विषय येथे एकमेकांत गुंतलेले दिसतात.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ लष्करी संक्रमण छावणी उभारली. सुमारे ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर लोकांची सोय होईल, एवढा तिचा विस्तार होता. तीच 'कल्याण कॅम्प' म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास नेवाळी परिसरात विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली व त्यासाठी आसपासच्या गावांतील शेतजमिनी घेण्यात आल्या. युद्ध संपल्यावर त्या परत मिळायला हव्या होत्या, ही शेतकऱ्यांची मागणी पुढेही टिकून राहिली. नौदलाने तेथे कुंपणाचे काम सुरू केल्यावर जून २०१७ मध्ये झालेले उग्र आंदोलन याच मागणीतून उद्भवले होते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या रिकाम्या छावणीत वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे 'कॅम्प १' ते 'कॅम्प ५' असे भाग व पत्त्यांतील बराक क्रमांक ही त्या छावणीचीच खूण होय.

अंबरनाथला इ.स. १९५० च्या दशकात आयुध निर्माणी आणि यंत्रे व त्यांचे आदिनमुने तयार करणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना उभा राहिला. शेजारी कल्याणसारखे मोठे रेल्वे जंक्शन आणि शहाडचा रेयॉन कारखाना होता. हवाई हल्ल्याच्या दृष्टीने नाजूक मानली जाणारी ठिकाणे अशा रीतीने काही किलोमीटरच्या पट्ट्यात एकवटली.

कायदेशीर चौकट

देशाचे संरक्षण हा संघसूचीतील विषय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाच्या १८ विषयांची यादी आहे. तीत अग्निशमन सेवा येते. नागरी संरक्षण मात्र स्वतंत्रपणे येत नाही. तरीही बॉम्ब पडल्यावर आग विझविणे, ढिगारा उपसणे, पाण्याची फुटलेली वाहिनी जोडणे आणि जखमींना दवाखान्यात पोचविणे ही कामे प्रत्यक्षात पालिकेच्याच कामगारांना करावी लागतात. जबाबदारी दिल्लीची आणि बंब गावाचा, अशी ही विभागणी आहे.

चीनशी झालेल्या युद्धात २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण अधिनियम, १९६२ अस्तित्वात आला. १९६५ च्या युद्धातील नागरी संरक्षणाच्या उपाययोजना त्याच अधिनियमाखाली झाल्या. कायमस्वरूपी कायदा त्यानंतर, म्हणजे १९६८ साली, संमत झाला. नागरी संरक्षण अधिनियम, १९६८ नुसार राज्य शासन नागरी संरक्षण दल स्थापन करते आणि जिल्हा पातळीवर त्याचे नियंत्रण ठेवते. दलात वॉर्डन, अग्निशमन, जखमींची शुश्रूषा, संदेशवहन, सुटका, कल्याण, प्रशिक्षण इत्यादी १२ सेवा असतात. त्याच्या जोडीला गृहरक्षक दल असते. हे दल मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्येच स्थापन झाले होते.

तातडीच्या खर्चासाठी पालिका कायद्यांतही तरतूद आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ अन्वये आकस्मिक दुर्घटना किंवा मनुष्यहानीचा धोका उद्भवल्यास आयुक्त तत्काळ कार्यवाही करू शकतात. अंदाजपत्रकात तरतूद नसलेला खर्च झाला, तर त्याचा अहवाल स्थायी समितीला व महानगरपालिकेला द्यावा लागतो. नगरपरिषदांच्या बाबतीत १९६५ च्या अधिनियमातील कलम ५८ ने असाच अधिकार अध्यक्षांना दिला आहे. हा अधिकार संकटासाठी आहे. शांततेच्या काळात निविदा टाळण्यासाठी त्याचा वापर झाल्याच्या तक्रारी राज्यभर होत असतात.

युद्धकाळातील कामे

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबई व परिसरात ब्लॅकआउट पाळण्यात आला. रस्त्यावरील दिवे मालवणे किंवा झाकणे, घरांच्या काचांना जाड कागद चिकटविणे, वाहनांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करणे, भोंगा झाल्यावर आडोशाला जाणे ही त्या काळातील सर्वपरिचित शिस्त होती. खर्चाच्या दृष्टीने पाहिल्यास यांतील बरीच कामे स्वस्त, कित्येकदा बचतीचीच होती. महाग पडत ते बंब, पाण्याच्या टाक्या, रुग्णवाहिका आणि चोवीस तासांचे मनुष्यबळ. या वस्तू युद्ध सुरू झाल्यावर विकत घेता येत नाहीत. त्या आधीच्या दहा-वीस अंदाजपत्रकांतून जमलेल्या असाव्या लागतात. म्हणूनच येथील पालिकांना दरवर्षी पैसा कोठून मिळत असे, हे पाहणे आवश्यक ठरते.

जकात आणि शहाडचा औद्योगिक भाग

उल्हासनगर नगरपालिकेची स्थापना जाहीर करणारी अधिसूचना ३० ऑक्टोबर १९५९ रोजी निघाली आणि १ एप्रिल १९६० पासून ती अंमलात यावयाची होती. जकात हे त्या काळातील नगरपालिकांचे सर्वांत भरवशाचे उत्पन्न होते. हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावरच रोख वसुली होत असल्यामुळे थकबाकीचा प्रश्न येत नसे. साहजिकच मोठा कारखाना हद्दीत असणे की नसणे यावर पालिकेचे भवितव्य ठरणार होते.

कारखानदारांनी हद्दीत समाविष्ट होण्यास विरोध केला. २७ एप्रिल १९६० रोजी शासनाने औद्योगिक भाग नगरपालिकेतून वगळण्याची उद्घोषणा काढली. त्यावर नगरपालिकेने शासनाला विनंती केली की, हा भाग वगळू नये. त्याबदल्यात तेथील विद्यमान कारखान्यांना जकात सुरू झाल्यापासून सात वर्षे सूट देण्यात येईल. शासनाने ती मान्य केली. पुढे मात्र नगरपालिकेने सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीकडून जकात मागितली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीचा अर्ज प्राथमिक टप्प्यावरच फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी १९७० च्या निकालात तो निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी उच्च न्यायालयाकडे पाठविले. न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या निकालपत्राचा आशय असा : एखाद्याने आश्वासनावर विसंबून आपली स्थिती बदलली असेल, तर ते आश्वासन देणारी सार्वजनिक संस्थाही खासगी व्यक्तीइतकीच त्याने बांधली जाते, केवळ लेखी कराराची औपचारिकता पूर्ण झाली नाही, एवढ्या कारणावरून तिला सुटका मिळत नाही. वचनविबंध या तत्त्वाच्या भारतातील विकासात हा निकाल महत्त्वाचा समजला जातो आणि विधी अभ्यासक्रमांत तो आजही शिकविला जातो. एका तरुण नगरपालिकेची पैशांची ओढाताणही त्यातून दिसते. कारखाना हद्दीत राहावा म्हणून तिने सूट कबूल केली आणि ती सूट परवडेनाशी झाल्यावर शब्द फिरविला.

नगरपरिषदांची जकात इ.स. १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. महानगरपालिकांत जकातीऐवजी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना माफ झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तो पूर्णपणे संपुष्टात आला. महानगरपालिकांना आता २०१६-१७ हे आधारवर्ष धरून, दरसाल ८ टक्के वाढीसह, राज्याकडून भरपाई मिळते. उत्पन्न निश्चित झाले. ते वाढविण्याची सूत्रे मात्र स्थानिक संस्थेच्या हाती राहिली नाहीत.

संरक्षण मालमत्ता व मालमत्ता कर

जकातीनंतर मालमत्ता कर हा स्वतःचा मुख्य स्रोत उरला. परंतु राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ नुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा स्थानिक संस्थेला कर आकारता येत नाही. अंबरनाथच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या कारखान्यांमुळे शहर शत्रूच्या नकाशावर येते, त्यांच्या इमारतींवर शहराला कर बसविता येत नव्हता. राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ साली झालेल्या निर्णयानुसार केंद्राने सेवाशुल्क देण्याचे ठरले. सेवांचा पूर्ण वापर असल्यास मालमत्ता कराच्या ७५ टक्के, अंशतः असल्यास ५० टक्के आणि वापर नसल्यास एकतृतीयांश, असे त्याचे प्रमाण आहे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. अंबरनाथची आयुध निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे, तर मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेला. सरकारी कंपनी म्हणजे स्वतः केंद्र सरकार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्न कोलफील्ड्स प्रकरणात पूर्वीच म्हटले आहे. त्यामुळे या बदलाचा करआकारणीशी निकटचा संबंध आहे.

शांतताकाळातील वापर

इ.स. २०१० मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश नागरी संरक्षणाच्या व्याख्येत केला. या परिसरात दलांची कसोटी लागली ती प्रामुख्याने पुरात आणि इमारत-दुर्घटनांत. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल, स्थानिक प्रशासन व ग्रामस्थ यांनी मिळून सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका केली. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली.

७ मे २०२५ रोजी केंद्र सरकारच्या आदेशाने देशभर 'ऑपरेशन अभ्यास' हा नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. महाराष्ट्रातील १६ ठिकाणांची त्यासाठी निवड झाली. मुंबई, उरण व तारापूर पहिल्या वर्गात, तर ठाणे दुसऱ्या वर्गात होते. त्या वेळी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही ठिकाणी लोकनियुक्त सभागृह नव्हते. दोन्ही नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये आणि महानगरपालिकेची २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. राज्यातील रखडलेल्या स्थानिक निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सरावाच्या आदल्याच दिवशी, ६ मे रोजी झाला होता.