रोग रेड्याला, इंजेक्शन पखालीला

अमेरिकेत १९६०-७०च्या जमान्यातल्या व्ही-८ गाड्या हौसेने सांभाळणारे लोक हल्ली जुना कार्ब्युरेटर उतरवून त्याच जागी फ्युएल इंजेक्शनचं तयार किट बसवतात. कार्ब्युरेटरच्या बैठकीवर बसणारी थ्रॉटल बॉडी, तिच्यातच इंजेक्टर, आणि बऱ्याच किटमध्ये तिथेच अंगाला लावलेला ईसीयू, म्हणजे पेट्रोलचा हिशेब करणारा छोटा संगणक. गाडी चालता चालता किट स्वतःच शिकतं, अशी जाहिरात असते. गाडी सुरू होतेही, पण थोड्याच दिवसांत मिसिंग मारू लागते, पिकअप घेत नाही आणि पडद्यावर मिश्रण लीन दिसतं. वजनाने एक भाग शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १४.७ भाग हवा लागते. आकडा त्याच्या वर गेला तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, आणि खाली आला तर रिच. मग सगळ्यांना एकच सुचतं: लॅपटॉप जोडा आणि मॅपमध्ये पेट्रोल वाढवा. मॅप म्हणजे इंजिनाचा वेग आणि त्यावरचं ओझं पाहून किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता. माझं म्हणणं असं, की हा तक्ता सर्वांत शेवटी उघडावा. अशा किटमधला बिघाड बहुतेकदा वायरिंगमध्ये, अर्थमध्ये (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीत) नाहीतर कुठल्या तरी गळतीत असतो, आणि तक्त्यातली दुरुस्ती तो फक्त झाकून ठेवते.

पडद्यावरचा आकडा मुळात येतो कुठून? एक्झॉस्ट पाइपातला सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. तो मुख्यतः जळून उरलेल्या ऑक्सिजनचा अंदाज घेतो आणि त्याचा कंट्रोलर तो अंदाज व्होल्टमध्ये बदलून ईसीयूकडे धाडतो. समजा शून्य व्होल्ट म्हणजे १० आणि पाच व्होल्ट म्हणजे २०, अशी मांडणी आहे. कंट्रोलरचा अर्थ बॉडीवरच्या एखाद्या गंजक्या बोल्टला दिलाय आणि ईसीयूचा थेट बॅटरीला. त्या बोल्टच्या जोडात ०.०२ ओहम इतका क्षुल्लक रोध असला आणि रेडिएटरच्या पंख्याचे १० अँपिअर त्याच वाटेने परतत असले, तर तिथे ०.२ व्होल्टचा फरक पडतो. ईसीयूला तो सिग्नलचाच भाग वाटतो. मिश्रण नेमकं १४.७ असताना तो १५.१ वाचतो, पेट्रोल पावणेतीन टक्क्यांनी वाढवतो, आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसत असताना इंजिन प्रत्यक्षात रिच चालतं. शिकणारं किट हेही इमानेइतबारे शिकून ठेवतं.

इग्निशनचा गोंगाट तर याहून वाईट. प्लगच्या वायरमध्ये वीस-तीस हजार व्होल्ट, आणि शेजारून जाणाऱ्या चुंबकी क्रँक सेन्सरच्या वायरमध्ये, स्टार्टर फिरत असताना, जेमतेम व्होल्टभर सिग्नल. जुन्या धाटणीच्या, नुसती धातूची तार असलेल्या प्लग-वायर प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओ लहरी फेकतात आणि ईसीयूला क्रँकच्या दातेरी चाकावर नसलेला दात दिसतो. ईसीयूच्या नोंदींचा लॉग उघडला तर आरपीएम एका नोंदीत ९००, पुढच्या नोंदीत ३,८०० आणि त्याच्या पुढच्या नोंदीत पुन्हा ९००. जड फ्लायव्हीलचं इंजिन डोळ्याची पापणी लवायच्या आत इतकं चढून उतरूच शकत नाही. तसंच पंखा लागताक्षणी कूलंटचं तापमान ८५ वरून ७९ वर आलं, तर पाणी निवलेलं नाही, अर्थ हललाय. हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. साध्या मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीयूच्या अर्थला लावून स्टार्टर मारावा; ०.१ व्होल्टहून जास्त दिसलं, तर लॅपटॉप मिटून पाना हातात घ्यावा.

वायरिंग निर्दोष निघालं तरी सेन्सर फसू शकतो. एक्झॉस्ट धक्क्याधक्क्याने वाहतो. दोन धक्क्यांच्या मधे पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि सेन्सरच्या आधी गॅस्केट फुटकं असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण लीन भासतं. मिसफायरची गंमत आणखी निराळी. अति पेट्रोलाने प्लग काळा पडून एक सिलिंडर पेटलाच नाही, तर त्यातला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर येतो आणि सेन्सर ‘लीन, लीन’ म्हणून सांगतो. आधीच रिच झालेल्या इंजिनात ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. खरं लीन असेल, तर ते कुठे दिसतं यावरून कारण कळतं. आयडलला जास्त आणि ओझं वाढताच कमी होत असेल, तर इनटेकमध्ये हवेची गळती. उलट असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर. पेट्रोलचा दाब चार बारचा तीन बार झाला, तर इंजेक्टरमधून सुमारे तेरा टक्के पेट्रोल कमी येतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की सॉफ्टवेअरमध्ये सिग्नल गुळगुळीत करणारा फिल्टर वाढवला की आकडे शांत होतात. होतात, पण उशिराही होतात. थ्रॉटल उघडल्यावर हवा लगेच आत जाते आणि पेट्रोल मागाहून येतं. त्या क्षणापुरतं लीन आपणच तयार करतो. रेसिंग कॅम बसवलेल्या इंजिनाचं आयडलला थरथरणारं इनटेकचं प्रेशर मात्र खरंच थरथरत असतं, तिथे फिल्टर रास्त आहे. कंपनीच्या गाड्यांना हा त्रास का नाही, असंही विचारतात. तिथे पिळलेल्या वायरी, सेन्सरचा वेगळा अर्थ हे सगळं कारखान्यातच ठरलेलं असतं; किटमध्ये ते बसवणाऱ्याच्या क्रिंपिंग पकडीवर अवलंबून. सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा: फुल थ्रॉटलला खरोखर लीन चाललं, तर नॉकिंग होऊन पिस्टन वितळतो, मग तपास होईपर्यंत थांबायचं कसं? तात्पुरतं थोडं रिच करावं, हे मान्य. पण तेव्हा शिकणं बंद ठेवावं आणि गाडी ताणू नये.

आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण-नियमांमुळे बहुतेक सगळ्या नव्या बाइक इंजेक्शनच्या झाल्या आणि फ्री-फ्लो सायलेन्सर टाकल्यावर ‘फट फट’ आवाजाची तक्रार घेऊन येणारी मुलं गॅरेजांत दिसू लागली. तिथेही मॅप बदलणाऱ्या डबीवर पैसे घालण्याआधी हेडजवळचं सायलेन्सरचं गॅस्केट पाहावं. ई-२०चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, प्रकरण मात्र वेगळं. या पेट्रोलला सुमारे १३.५ भागच हवा लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी केलेला मॅप, सेन्सरची दुरुस्ती चालू नसताना, सुमारे आठ टक्के लीन पडतो. हे खरं लीन; इथे तक्ता बदलायलाच हवा. पण पेट्रोलच्या पट्टीवर लावलेल्या मीटरमध्ये १३.५ आणायचा प्रयत्न करू नये. सेन्सर लागणाऱ्या हवेशी प्रमाण दाखवतो, म्हणून ई-२० बरोबर जळत असतानाही त्यावर १४.७च दिसतं.